लोखंड्या शहर रिकामं करतो

लोखंड्या चंद्रावर होता तोवर माझ्या डोक्याला ताप नव्हता. तिथं परवाना लागत न्हाय, टपाल लागत न्हाय, 'कुठले तुमी, नाव काय' म्हणून येष्टी स्टँडवर हटकणारं कुणी न्हाय. सकाळी उठायचं, खडक खणायचा, भूक लागली की खिळे-मोळे खायचे आणि संध्याकाळी बसून पृथ्वीकडं बघायचं. एवढंच काम. त्याला खाली उतरवलं ते लोकांनी. माझा त्यात काडीचा हात नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

मी आयुब. उमरग्याला हायवेच्या कडंला शरणबसप्पाची तंबू टॉकीज असायची, तिथं मी कामाला होतो. काम काय म्हणाल तर काचा रंगवायच्या आणि माईकवर बोलायचं. तंबूत मशीन एकच. एक रीळ संपलं की पडदा पांढरा पडायचा आणि आमचा ऑपरेटर व्यंकट दुसरं रीळ चढवीपर्यंत लोक शिट्ट्या घालायचे, कनातीला लाथा मारायचे. तेवढ्या वेळात म्या बाजूच्या दिव्यातनं काचा दाखवायच्या. इंजिनाची जाहिरात, विडीची जाहिरात, 'बायकांच्या बाजूला पुरुषांनी घुसू नये'. काचेला काळा रंग फासायचा, सुईनं चित्र कोरायचं, वरनं फोटोचे रंग भरायचे. काम झालं की सोड्याच्या पाण्यात धुवायची, काच पुन्हा कोरी. जन्मभर म्या जे काढलं ते असंच धुवून गेलं.

लोखंड्या कसा जन्मला ते सांगतो. मी सांगतोय ती गोष्ट पासष्ट सालची, आणि लोखंड्या त्याच्या दोन वर्षं आधीचा. सोलापूरहून सिनेमाच्या पेट्या आल्या, त्यात एक डबा भलताच निघाला. लावून बघतो तर सगळी हातानं काढलेली चित्रं, आणि ती हलायलेत! माणसांचे डोळे बशीएवढे, आणि एक अख्खं गाव पोटात घेऊन ताऱ्यांतनं उडणारं लोखंडी जहाज. मधनंच अक्षरं उमटायची, ती कुठल्या बापाला वाचता येईनात. शरणबसप्पानं कपाळाला हात लावला.

"अय्यो, चिन्यांचं दिसायलंय. आत्ता कुठं त्यांच्याशी लढाई थांबली. लोक तंबू जाळतील माझा."

कुणी म्हणालं, चिनी न्हाय, जपानी हाय. म्हणणाऱ्यानं जपान काय पायी फिरून बघितला होता काय की. डबा परत धाडायचा ठरला. पण तो जाईस्तोवर मी आणि व्यंकट रोज दुपारी कनाती ओढून तेच एक रीळ बघायचो. दुसऱ्या ताऱ्यावरच्या जहाजांनी आपल्या जहाजाला घेरलेलं असायचं, आता काय होतंय म्हणून आम्ही श्वास धरायचो, आणि रीळ संपायचं. पुढं काय झालं ते मला आजवर ठाऊक न्हाय.

एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. त्या रिळात लढाई लागायच्या आधी जहाजातली माणसं दाखवली होती. कुणी भांडी घासतंय, कुणी दाढी करतंय, एक म्हातारा खोटे दात काढून पुसतोय. त्यामुळं गोळा पडला की कळायचं, कुणाच्या अंगावर पडला. बातम्यांत तसं नसतं. बातम्यांत पूल उडतात, रणगाडे जळतात, 'शत्रूची मोठी हानी' होते. अर्धी दाढी राहिलेला माणूस बातम्यांत कधी येत न्हाय. मला वाटायचं, बातम्या लिहिणाऱ्यांना एकदा ते रीळ दाखवावं. पण रीळ तर गेलं परत.

मग म्या माझा लोखंड्या काढला, चंद्रावर राहणारा लोखंडाचा माणूस. दोन काचा एकावर एक धरून सरकवल्या की तो उडायचा. रोज दोन रिळांच्या मधी त्याची थोडीथोडी गोष्ट. आवाज सगळे माझेच. लोखंड्याचा पत्र्याच्या डब्यात तोंड घालून, बाकीच्यांचे नाक दाबून, गळा चिरकवून. लोक सिनेमाला शिव्या देत उठायचे, पण लोखंड्याला बसून राहायचे. दाराशी शेंगा विकणारी नागूबाई टोपली घेऊन बायकांच्या बाजूला येऊन बसायची आणि तिथनं ओरडायची, "मास्तर, आज त्यो जेवला का न्हाय?" सबंध दिवसात विचारपूस करणारं मला तेवढंच माणूस, आणि तीबी लोखंड्याची करायची.

माझ्या घरी कोण होतं? कुणी न्हाय. बायको बाळंतपणातच गेली. पोरगी जमिला आजोळी वाढली, इथंच उमरग्यात, कारण मी वर्षातले आठ महिने तंबूबरोबर फिरतीवर. अठ्ठेचाळीस साली निजामावर पोलीस ॲक्शन झाली तसा माझ्या सासऱ्यांनी धसका घेतला आणि सगळं बिऱ्हाड घेऊन ते कराचीला गेले. पोरगी तेव्हा सहा-सात वर्षांची. मी तंबूबरोबर बिदरकडं. परत आलो तर दाराला कुलूप. 'तिकडं बस्तान बसलं की पोरीला आणून सोडतो' असा शेजाऱ्यांपाशी निरोप. मग येण्याजाण्याला परमिट लागायला लागलं, मग पासपोर्ट लागायला लागला, पोरगी काही आली न्हाय. तिकडंच वाढली, तिकडंच निकाह झाला, दोन लेकरं झाली असं कुणाच्या तरी तोंडून कळलं. फोटो म्हणाल तर आमच्या घरात पोरीबाळींचे फोटो काढत न्हाईत, आणि सासरा त्या बाबतीत लई कडक. दुनियेची तोंडं रंगवणारा मी, पण माझी पोरगी आता कशी दिसते ते मला ठाऊक नव्हतं.

पासष्टच्या भादव्यात पाकिस्तानशी लढाई पेटली. त्या साली पावसानं दडी मारलेली, म्हणून तंबू लवकर ठोकला होता. शेतात काम न्हाय, हायवेवर ट्रकवाले अडकून पडलेले, सगळी गर्दी संध्याकाळी आमच्याकडं. खेळाआधी मालक रेडिओ आणून माईकसमोर ठेवायचा आणि तंबूतला एकूणएक माणूस जीव मुठीत धरून बातम्या ऐकायचा. टपाल बंद झालं होतं. रेडिओवर शहरांची नावं यायची आणि मी त्यातलं एकच नाव ऐकायला कान टवकारून बसायचो. आलं की छातीत धस्स व्हायचं. न्हाय आलं तरी धस्स व्हायचं, की मुद्दाम सांगंनात काय. विचारायचं कुणाला? विमानातनं छत्रीवाले शिपाई उतरायलेत अशी आवई उठली होती. जवळच्या एका गावात बांगड्या विकणाऱ्या गरिबाला लोकांनी दिवसभर झाडाला बांधून ठेवलं, का तर दाढी होती आणि हातात छत्री होती. अशात आयुबनं 'कराचीचं काय झालं हो' म्हणून विचारावं? म्या तोंड शिवून घेतलं. घरी गेलो की भिंतीशी बोलायचो.

आणि एका संध्याकाळी, लोखंड्या आपला खडक खणतोय, तर मागनं कुणीतरी ओरडलं, "अरं, हा तिथं काय खणायलाय? ह्याला लढाईवर पाठवा की!"

तंबू दणाणला. "पाठवा, पाठवा! कराचीवर पाठवा!" शिट्ट्या, टाळ्या, टोप्या वर उडायलेत. म्या घाईघाईनं विडीची काच लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काचा धूत बसलो होतो, तिथं शरणबसप्पा येऊन उकिडवा बसला.

"आयुबभाई, पाठव त्याला."

"मालक, तो खाणीतला माणूस हाय. त्याला लढाई येत न्हाय."

"मला येड्यात काढू नको. दोन बॉम्ब टाकू दे, परत चंद्रावर जाऊ दे. तुझ्या काचेला काय लागतंय?"

मी काच चोळत राहिलो. सोड्यानं हात चुरचुरत होते. मग त्यानं आवाज बारीक केला. "तुझी पोरगी तिकडं हाय, मला ठावं हाय. पण तंबूत बसणाऱ्या समद्यांना ठावं न्हाय, आन ते तसंच राहू दे. तू न्हाय म्हणालास की लोक विचारतील, का न्हाय? मग मी काय सांगू?"

माणूस वाईट असता तर म्या त्याला दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण सणासुदीला माझ्याकडं पुरणाच्या होळग्या धाडणारा माणूस तो, माझ्या भल्याचंच बोलत होता. म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. बसून बसून विचार करायलो, की पोरीला सोळा-सतरा वर्षांत एक खेळणं धाडता आलं न्हाय, आणि आता धाडायचं तर बॉम्ब. तोबा तोबा. काचेवरचा असला म्हणून काय झालं, काढणारा हात बापाचाच की.

पण काढायला बसलो. न बसून सांगतो कुणाला. आता कराची म्या कधी बघितली? मला समुद्रसुद्धा ठाऊक न्हाय. हाताला जे येत होतं ते काढलं. माळवदाची घरं, मधी एक बोळ, कडूलिंब, आड, आडावर रहाट. पडद्यावर काच पडली तशी एकानं टोमणा मारलाच.

"मास्तर, कराचीत बी माळवदं असत्यात व्हय?"

"असणारच की. माणसं इथूनच गेल्यात," असं मी माईकवर बोलून बसलो आणि जीभ चावली. पण लोक हसले. वेळ निभावली.

लोखंड्या चंद्रावरनं सुसाट खाली आला. हातात डेऱ्याएवढा बॉम्ब. म्या दुसरी काच सरकवली, बॉम्ब शहराच्या डोक्यावर आणला, आणि डब्यात तोंड घालून 'टाकतो' म्हणणार, तर तोंडातनं निघालं भलतंच.

"ओ म्हातारबाई! जरा बाजूला व्हा, बॉम्ब टाकायचाय."

आणि मग नाक दाबून म्हातारीचा आवाज, "मुडद्या, माळवदावर पापड वाळत घातल्यात, दिसंना का? वाळूस्तोवर थांब तिकडंच!"

लोक पोट धरधरून हसले. कुठली म्हातारी, कुठले पापड, काचेवर तर कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्या म्हातारी काढली, तिचे पापड काढले, तिची खाट काढली. लोखंड्यानं बॉम्ब आडाच्या काठावर ठेवला, म्हातारीला खाटेसकट उचललं आणि चंद्रावर नेऊन सोडलं. तेवढ्यात व्यंकटचं रीळ चढलं.

मला वाट सापडली. खाली एक जरी माणूस असलं तरी लोखंड्याला बॉम्ब टाकता येत न्हाय. तो तसा न्हाय, आणि लोकांनाबी तो तसा नको होता. म्हणजे जोवर शहरात कुणीतरी हाय, तोवर शहर सलामत. मग काय, म्या माणसं काढायचा सपाटाच लावला. अर्धी हजामत झालेलं गिऱ्हाईक आणि वस्तरा धरून त्याच्यामागं धावणारा न्हावी. लोखंड्याच्या मुठीत न मावणारा एक जाडा शेटजी. आधी कोण जाणार म्हणून भांडणाऱ्या दोघी सवती. बायकांच्या बाजूला तर असं हसू की सिनेमा सुरू झाला तरी थांबंना. एक दिवस शेटजीला नेलं आणि नागूबाई उठून उभी राहिली. "अवो मास्तर, त्याची शेळी खुट्याला तशीच हाय की! मुकं जनावर हाय, सोडा तिला." दुसऱ्या दिवशी लोखंड्या शेळीसाठी परत आला.

गंमत बघा. अर्ध्या तासापूर्वी हीच माणसं रेडिओवर विमानं पाडल्याची बातमी ऐकून टाळ्या वाजवायची, आणि आता 'कोंबडी राहिली, कोंबडी राहिली' म्हणून माझ्यावर ओरडायची. म्या त्यांना नावं ठेवत न्हाय. रेडिओनं त्यांना कोंबडी दाखवली नव्हती, एवढंच.

दिवसभर मी काचेवर वाकलेला, संध्याकाळी एवढ्या लोकांत, आणि खेळ सुटला की कुलूप काढून आत जायचं. चूल पेटवायचा कंटाळा यायचा. नागूबाईच्या उरलेल्या शेंगा खाऊन पाणी प्यायचं. वर चंद्र दिसला तर वाटायचं, जमिलालाबी हाच दिसत असंल. मग स्वतःचंच हसू यायचं. तिकडं दिवे बंद करून बसायचे दिवस, लेकरांना पोटाशी धरून आत बसली असंल, चंद्र कशाला बघंल? बसली असंल ना? एवढंच कुणीतरी येऊन सांगावं, व्हय म्हणून. जास्त काही नको होतं मला.

पण लोकांचा दम किती पुरणार. एक ट्रकवाला रोज मागं बसायचा, तो उठून म्हणाला, "आवं, हा बॉम्ब टाकणार कवा? पोरं म्हातारी व्हतील." चार जणांनी त्याची री ओढली. खेळ संपल्यावर शरणबसप्पानं मला गाठलं.

"आयुबभाई, मी काय खुळा न्हाय. तू दिवस ढकलायलास. आता शहरात राहिलंय काय? बोळाच्या टोकाचं एक घर. उद्या त्यातलं माणूस बाहेर काढ आन मोकळा हो. न्हाय तर लोक मला मोकळा करतील."

बोळाच्या टोकाचं घर. ते म्या मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. त्यात कोण हाय ते मला पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं.

सकाळी काच घेऊन बसलो. दोन लेकरांची आई काढायची. नाक काढलं तर ते तिच्या आईचं झालं. पुसलं. डोळे काढले तर ते सिनेमातल्या बाईचे झाले. पुसलं. दुपार झाली, बोटं काळी झाली, आणि काचेवर काही न्हाय. शेवटी हातानं आपल्या मनानं काढलं ते काढलं. सहा-सात वर्षांची पोरगी, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, उंबऱ्यावर उभी. ते तोंड मला येत होतं. तेवढंच येत होतं.

संध्याकाळी दार पडद्यावर आलं. दार उघडलं. पोरगी दिसली तसा बायकांच्या बाजूनं 'अगंबाई' असा आवाज आला. लोखंड्या वाकला, हात पुढं केला. म्या डब्यात तोंड घातलं. "चल पोरी. समदं शहर रिकामं झालं. तू एकटीच राहिलीस."

आता तिनं बोलायचं होतं. 'चला' म्हणायचं, हातावर बसायचं, की झालं. म्या आवाज बारीक केला, आणि माझ्या तोंडातनं आलं, "मी न्हाय येणार. अब्बांनी इथंच थांबायला सांगितलंय."

देवाशपथ सांगतो, हे म्या ठरवलेलं नव्हतं. फिरतीवर निघताना मी दरवेळी तिला हेच म्हणायचो, इथंच थांब, मी येतो. कुठला बाप म्हणत न्हाय? पण तंबूभर माझाच आवाज घुमून परत माझ्या कानावर आला. म्या माईकचा दांडा धरला.

"ह्या! आता बापाची वाट बघायची का?" ट्रकवाला ओरडला. "हाण म्हणावं!"

तशी नागूबाई टोपली आपटून उठली. "गप ए भाड्या! लेकरू हाय खाली. बाप यिऊस्तोवर कोण टाकतंय बघते म्या!"

"व्हय, व्हय, येऊ द्या बापाला," दुसरीकडनं कुणी म्हणालं. "कुठाय तिचा बाप?"

व्यंकटनं रीळ चढवलेलं होतं, तरी तो बटन दाबंना. शेवटी मी म्हणालो, "वाटंत हाय." पडद्यावर सिनेमा सुरू झाला.

त्यानंतर रोज एकच प्रश्न. आला का बाप? वाटंत हाय. लोक खेळाआधी विचारायचे, मी आडावर पाणी भरताना विचारायचे, सायकलवरनं जाता जाता विचारायचे. बॉम्बचं नाव कुणी काढंना. बॉम्ब आडाच्या काठावर होता तसाच पडून होता. शरणबसप्पासुद्धा काही बोलला न्हाय.

आणि एका संध्याकाळी रेडिओनं सांगितलं, लढाई थांबली. तंबूत एकच जल्लोष. कुणी भंडारा उधळला, कुणी फटाके लावले, मालकानं सगळ्यांना चहा पाजला. मीबी प्यालो. लढाई थांबली म्हणजे आता तिच्या डोक्यावर काही पडणार न्हाय. पण आधीच पडलं असंल तर? ते रेडिओनं सांगितलं न्हाय. टपाल अजून बंदच होतं.

"आता बॉम्बची कटकट गेली," शरणबसप्पा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "नवरात्राला तंबू तामलवाडीला न्यायचाय, तुळजापूरच्या वाटंवर गर्दी असती. तवा उद्या बापाला आण, पोरीला भेटव आन गोष्ट संपव. लोक खूश होऊन घरी जातील."

बापाचं तोंड काढायला काही अडचण नव्हती. आरसा होता. टोपी, पांढरी होत आलेली दाढी, खांद्याला पिशवी. बाप एका काचेवर, दारातली पोरगी दुसऱ्या काचेवर. बाप पिकलेला आणि पोरगी अजून दात पडलेली, हा हिशेब काही जुळत नव्हता, पण पोरीत बदल करायचा तर काय करायचा? राहू दिली तशीच. तिनं बोलायचं एकच होतं. 'अब्बा'. दिवसभर म्या रिकाम्या घरात ती हाक घोकली. मोठ्यानं, बारीक, हसत, रडत. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला वाटलं असंल, हा कामातनं गेला.

शेवटच्या दिवशी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. रीळ संपलं, पडदा पांढरा झाला, आणि एक माणूस ओरडला न्हाय की कनातीला लाथ मारली न्हाय. म्या दाराची काच लावली. त्याच्यावर बापाची काच हळूहळू सरकवली. बाप बोळातनं चालत निघाला. आडापाशी आला, लिंबाखाली आला, दारापाशी आला.

डब्यातनं लोखंड्या म्हणाला, "पोरी, बघ तुझा बाप आला."

आता हाक मारायची. म्या तोंड उघडलं. आणि मला कळलं की ही हाक मला येत न्हाय. सहा वर्षांची जमिला कशी हाक मारायची ते येतंय, ती आता कशी मारंल ते येत न्हाय. तिचा आवाज फुटला असंल, भरला असंल, रस्त्यात मागनं हाक आली तर मी वळणारसुद्धा न्हाय. माईकमधनं नुसता माझा श्वास ऐकू यायलेला. लोकांना वाटलं, मास्तर मुद्दाम ताणायलाय.

"अगं बोल की!" नागूबाईला राहवलं न्हाय. "बाप आलाय तुजा, बोल की बाय!" आणि मग तिनंच, टोपली छातीशी धरून, पडद्याकडं बघत हाक मारली, "बा!"

तिच्या मागनं दुसरी बोलली, "अप्पा!" कुणी "दादा!" म्हणालं. पुरुषांच्या बाजूनं "अण्णा!" आलं, "नाना!" आलं, "बाबा!" आलं. तो ट्रकवालासुद्धा तोंडाला हात लावून कानडीत काहीतरी ओरडला. घरी जो तो आपल्या बापाला जसं म्हणतो तशी हाक. अख्खा तंबू पडद्यावरच्या त्या पांढऱ्या दाढीच्या माणसाला हाका मारायलेला, टाळ्या पडायलेत, बायका पदरानं डोळे पुसायलेत. म्या काच आणखी बोटभर सरकवली, बाप उंबऱ्याला लागला, आणि तंबू परत दणाणला.

मी कान देऊन ऐकत होतो. लढाई लागल्यापासनं आमच्या मोहल्ल्यातले बायका-पुरुष भीतीनं तंबूला यायचे बंद झाले होते. एवढ्या हाका आल्या, पण 'अब्बा' म्हणून एकबी आली न्हाय.